हायस्कुलांत हुन्नर शिकवा

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला म्हणजे प्रत्येक शेतकरी घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलास पुढें कोठें घालावें ? ज्यास ऐंशी-नव्वद टक्के गुण पडले त्याचा बाप सायन्सचा अर्ज आणतो, ज्यास साठ पडले त्याचा बाप कॉमर्सचा किंवा आर्ट्सचा आणतो, आणि ज्यास पस्तीस-चाळीस पडले त्याच्या बापास कोणी तरी शहाणा सल्ला देतो, "याला आय.टी.आय.ला टाका." या 'टाका' शब्दांतच आमच्या समाजाची या विषयाकडे पाहण्याची सारी दृष्टि सांठविलेली आहे. धान्य पेवांत भरावें आणि कोंडा बाहेर टाकावा, त्यांतलाच हा प्रकार. हाताचा हुन्नर म्हणजे ज्यास दुसरें कांहीं येत नाहीं त्यानें करावयाचें काम, ही समजूत शेतकरी वर्गास फार महाग पडत आहे. हुन्नर दहावीनंतर उरलेल्या मुलांस नव्हे, तर आठवीपासून हायस्कुलांतील सर्वच मुलांमुलींस, पुस्तकी विषयांच्या जोडीनें शिकविला पाहिजे, असें आमचें मत आहे. आणि त्याचीं कारणें येथें थोडक्यांत मांडतों.

आमचीं नोकरीचीं वर्षें महसुलाच्या दप्तरांत गेलीं. वारसाच्या नोंदी, वाटपाचे फेरफार आणि आठ-अचे उतारे हींच आमचीं रोजचीं पुस्तकें होतीं. एका खात्याचीं तीन खातीं होतात, तिहींचीं सात होतात, आणि शेवटीं एकाच विहिरीवर 'एक-अष्टमांश हिस्सा' असा शेरा कसा चढतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. जें आमच्या सज्जांत घडलें तेंच साऱ्या महाराष्ट्रांत घडलें, असें कृषि-गणनेवरून दिसतें. १९७०-७१ सालीं आपल्या राज्यांत सरासरी वहिवाटीचें क्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर होतें. २०१५-१६ सालीं तें १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या घरांत आलें. त्याच मुदतींत वहिवाटीच्या खात्यांची संख्या सुमारें ४९.५ लाखांवरून १५२ लाखांच्या वर गेली. घरांत माणसें वाढतात. जमिनीस कांहीं पोरें होत नाहींत. ज्या घरांत तीन एकर जमीन व दोन मुलगे आहेत, तेथें प्रत्येकाच्या वांट्यास दीड एकर येणार, हा हिशेब करण्यास कारकुनी लागत नाहीं; आणि मुलींचा कायदेशीर हिस्सा धरला तर तोहि आंकडा खालीं येतो. तेव्हां मुलाचें पुढें काय, हा प्रश्न गुणपत्रिका हातीं आल्यावर नव्हे, तर तो आठवींत जातो तेव्हांच विचारला पाहिजे.

यावर पुष्कळांचें उत्तर ठरलेलें असतें : मुलास नोकरी लागेल. लागली तर उत्तमच. परंतु एका सरकारी जागेसाठीं किती अर्ज पडतात हें वाचकांस ठाऊक आहे. कित्येक होतकरू तरुण पुण्यास खोली करून परीक्षांमागून परीक्षा देत तिशी गांठतात. आणि इकडे बाप खोलीचे व खानावळीचे पैसे पाठविण्यासाठीं उसनवार करितो. त्या मुलाच्या बुद्धीस आम्ही दोष देत नाहीं. दोष असलाच तर तो इतकाच कीं, पंधरा वर्षें शाळेंत बसूनहि त्याच्या हातास एकहि काम असें शिकविलें गेलें नाहीं कीं ज्यावर तो परीक्षा हुकल्यावर उभा राहील.

वास्तविक काम गांवांतच पडलेलें आहे. जमीन घटली, पण जमिनीवरील यंत्रें वाढलीं. विहिरीवर मोटार, बोअरमध्यें पाणबुडी पंप, शेतांत ठिबक, गोठ्यांत दूध काढण्याचें यंत्र, खळ्यावर मळणीयंत्र, दारांत ट्रॅक्टर व रोटाव्हेटर, आणि आतां कित्येक ठिकाणीं सौर पंप. आमच्या आज्याच्या वेळीं नांगराचा फाळ शेवटण्यास गांवचा लोहार होता आणि मोटेची दोरी वळण्यास घरचींच माणसें होतीं. आज ज्या यंत्रावर सारें पीक अवलंबून आहे त्याचा जाणता मात्र तालुक्याच्या गांवीं बसतो, आणि हंगामांत त्याच्या दुकानापुढें मोटारींची रांग लागते.

मोटार जळण्याचेंच उदाहरण घेऊं. तीन फेजांपैकीं एक गेला असतां मोटार चालू राहिली, तर उरलेल्या दोन फेजांवर प्रवाह वाढतो व गुंडाळी तापून जळते. वीज कमी दाबानें येत असली तरीहि मोटार अधिक प्रवाह ओढते. यासाठीं स्टार्टरांत ओव्हरलोड रिले बसविलेला असतो. मोटारीच्या पाटीवर पुऱ्या भाराचे जे अँपियर लिहिलेले असतात, त्या आंकड्यावर तो लावावयाचा असतो. जमिनीवरील पांच हॉर्सपॉवरच्या तीन फेजी मोटारीस साधारणतः सात ते आठ अँपियर लागतात. नेमका आंकडा ज्याच्या त्याच्या पाटीवर पाहावा. परंतु होतें काय ? रिले वारंवार सुटूं लागला कीं आम्ही त्याचें कारण शोधीत नाहीं. तो चढवून ठेवतों किंवा तारेनें बांधूनच टाकतों. वर ऑटो स्विच लावून रात्रीं निजतों. मध्यरात्रीं अर्धवट दाबाची वीज येते, मोटार आपोआप सुरू होते, आणि सकाळीं विहिरीवर जळका वास येतो. मग मोटार वर काढण्याची मजुरी, गाडीचें भाडें, तांब्याच्या तारेचा खर्च, आणि या सर्वांहून जड म्हणजे चुकलेली पाण्याची पाळी. निसवणीस आलेल्या गव्हाचें पाणी आठ दिवस हुकलें तर तें नुकसान कोणत्याहि पावतीवर लिहिलेलें नसतें.

आतां चमत्कार पाहा. याच घरांतील मुलगा नववींत ओहमचा नियम शिकतो. दहावींत विद्युत मोटारीची आकृति काढतो, फ्लेमिंगचा नियम बिनचूक लिहितो, आणि त्याबद्दल त्यास पुरे गुण मिळतात. परंतु स्वतःच्या विहिरीवरील मोटारीची पाटी त्यानें कधीं वाचलेली नसते. अँपियर मोजण्याचें यंत्र हातांत धरलेलें नसतें. पायथागोरसचा सिद्धांत त्यास पाठ असतो; पण तीन, चार व पांच हात अशा गांठी मारलेल्या दोरीनें गोठ्याच्या पायाचा काटकोन काढतां येतो, हें त्यास गवंड्यानें सांगावें लागतें. क्षेत्रफळाचीं उदाहरणें तो धडाधड सोडवितो. पण ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, आणि उताऱ्यावर लिहिलेला एक आर हा गुंठ्याच्या जवळजवळ बरोबर, हें त्यास येत नाहीं. बांधावरून भांडत चावडीवर आलेले शिकलेले तरुण आम्हीं पाहिले आहेत, ज्यांस स्वतःच्या शेताचें क्षेत्र टेपानें मोजतां येत नव्हतें. विद्या आहे, हातहि आहेत. दोहोंची गांठ मात्र शाळेनें घालून दिलेली नाहीं.

ही गोष्ट कोणास सुचली नव्हती असें नाहीं. महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेविलें, त्यांत प्राथमिक शाळेंतच शेतकीचें प्राथमिक ज्ञान द्यावें अशी मागणी होती. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या परिषदेनंतर मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढें आली. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें कार्यानुभवाची शिफारस केली. परंतु या थोर कल्पना शाळेच्या वेळापत्रकांत उतरल्या तेव्हां त्यांचें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. टकळीचें सूत कोणाच्या अंगावर चढलें नाहीं, आणि कार्यानुभवाच्या तासास कागदाचीं फुलें झालीं. कारण एकच. मुलांनीं केलेली वस्तु कोणास नको होती. शिकविणाऱ्यास तें काम स्वतःस येत नव्हतें. आणि त्या तासाची किंमत गुणपत्रिकेंत कोणी धरीत नव्हतें. ज्या कामास गिऱ्हाईक नाहीं, गुरु नाहीं व मान नाहीं, तें काम मुलांस खेळ वाटावें यांत नवल काय ?

याच्या उलट उदाहरणहि आपल्याच महाराष्ट्रांत आहे. शिरूर तालुक्यांतील पाबळ हें अवर्षणाचें गांव. तेथें डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनीं कंपनीच्या संशोधन खात्यांतील मोठी नोकरी सोडून १९८३ सालीं विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनीं आठवी ते दहावीच्या मुलांसाठीं जो अभ्यासक्रम बसविला त्यांत चार भाग ठेविले : लोखंड, लांकूड व बांधकाम यांचें काम; वीज व ऊर्जा; शेती व पशुपालन; आणि गृह व आरोग्य. आठवड्यांतील एक दिवस या कामास द्यावयाचा, आणि बाकीचे दिवस नेहमींचे विषय. एकाच धंद्यास मुलास जुंपावयाचें नाहीं. चारहि भागांची ओळख करून द्यावयाची. शिकविण्यास गांवांतलाच, प्रत्यक्ष काम येणारा माणूस घ्यावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, काम खरें असावें : शाळेचें बांकडें मोडलें तर तें मुलांनींच सांधावें, गांवांत कोणास फाटक हवें असल्यास तें मुलांनीं वेल्ड करून द्यावें, आणि सामानाची किंमत व वाजवी मजुरी घ्यावी. मुली व मुलगे दोघांसहि तेंच काम. या अभ्यासक्रमास एस.एस.सी. बोर्डाची मान्यता मिळाली व तो पाबळबाहेरच्या अनेक शाळांत गेला. डॉ. कलबाग २००३ सालीं वारले. परंतु त्यांनीं दाखविलेली वाट मोडलेली नाहीं. जेथें काम खरें असतें तेथें मूल ओहमचा नियम विसरत नाहीं, हें त्यांनीं पुस्तक लिहून नव्हे तर शाळा चालवून दाखविलें.

सरकारी धोरणहि आतां याच दिशेस वळलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावीपासून मुलांस कारागिरीची ओळख करून देण्याची व सहावी ते आठवीच्या काळांत केव्हां तरी दहा दिवस दप्तराविना शाळेची योजना आहे. १९ ते २४ वर्षांच्या काम करणाऱ्या तरुणांपैकीं रीतसर धंदेशिक्षण मिळालेले आपल्या देशांत शेंकडा पांचाहून कमी, आणि जर्मनींत शेंकडा ७५ व दक्षिण कोरियांत शेंकडा ९६, असे अंदाजाचे आंकडे त्याच धोरणांत दिलेले आहेत. धोरण चांगलें आहे. परंतु धोरणाचा कागद शाळेच्या कपाटांत जाऊन बसूं नये, यासाठीं गांवानें हात लाविला पाहिजे. नाहींतर दप्तराविना दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची सहल होईल.

या विचारास दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात. पहिला असा कीं, हें सारें शेतकऱ्यांच्या व कष्टकऱ्यांच्या पोरांस हातकामांत अडकवून कचेरीच्या खुर्चीपासून दूर ठेवण्याचें कारस्थान आहे. हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. १९५३ सालीं मद्रास राज्यांत अशी योजना निघाली होती कीं, मुलांनीं कांहीं तास शाळेंत बसावें व उरलेल्या वेळांत घरीं बापाचा धंदा शिकावा. तिचा अर्थ लोकांनीं बरोबर ओळखला : न्हाव्याच्या मुलानें वस्तराच हातीं धरावा आणि शेतमजुराच्या मुलानें खुरपें. तिच्याविरुद्ध एवढें रान उठलें कीं १९५४ सालीं ती मागें घ्यावी लागली. आणि तें योग्यच झालें. म्हणून आम्ही म्हणतों तें नीट ध्यानांत घ्यावें. जातीचा धंदा जातीस शिकविणें हें हुन्नराचें शिक्षण नव्हे. पाटलाच्या मुलानेंहि कानस चालवावी, सुताराच्या मुलीनेंहि मोटार उघडावी, आणि पहिल्या नंबराच्या मुलानेंहि गवंड्याचा ओळंबा धरावा. शाळेंतील एकहि मूल यांतून सुटूं नये. केवळ मागें पडलेल्यांस कार्यशाळेंत धाडलें, तर ती कार्यशाळा दुसरा कोंडवाडा होईल. तसेंच पुढील शिक्षणाचें एकहि दार बंद होतां कामा नये. दहावीनंतर आय.टी.आय.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास आपल्या राज्यांत इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळूं शकतो, ही गोष्ट किती पालकांस ठाऊक आहे ?

दुसरा आक्षेप असा कीं, हातकामांत वेळ गेला म्हणजे मुलगा अभ्यासांत मागें पडेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व पुढें 'कमवा आणि शिका' ही रीत घालून दिली. तिच्या वसतिगृहांतील मुलांनीं खोदकाम केलें, भाकऱ्या भाजल्या, शेतें राखलीं. आणि त्यांतूनच अधिकारी, प्राध्यापक व आमदार निपजले. हातानें काम केल्यानें बुद्धि झिजत असती तर आमच्या पिढीस शिकविणारे कित्येक गुरुजी झालेच नसते. सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडीचेंहि असेंच. १९१० सालीं त्या माळरानावर नांगराचा कारखाना उभा राहिला, तेव्हां तेथें शहरांतून शिकलेले कारागीर रांगेनें आले नव्हते; भोंवतालच्या खेड्यांतील माणसांचेच हात तयार करावे लागले, आणि ते तयार झाले.

एका बाबतींत मात्र सावधगिरी अवश्य आहे. शिकाऊ मूल म्हणजे फुकटचा मजूर नव्हे. २०१६ सालच्या दुरुस्तीनंतर कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवतां येत नाहीं, आणि चौदा ते अठरा वर्षांच्या मुलास धोक्याच्या कामावर ठेवतां येत नाहीं. सबब हायस्कुलाचें शिक्षण शाळेच्याच कार्यशाळेंत, गुरूच्या नजरेखालीं, वीज तोडून व डोळ्यांस चष्मा लावूनच झालें पाहिजे. बाहेरच्या कारखान्यांत उमेदवारी करावयाची ती वयांत आल्यावर, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणें, करार करून व विद्यावेतन घेऊन करावी. "पोरगं शिकतंय, त्याला पगार कशाला ?" असें म्हणणारा मालक आपल्यांतलाहि असूं शकतो, त्यास येथेंच सांगून ठेवलेलें बरें.

आतां आपल्या संघाच्या सभासदांनीं काय करावें, तें सांगतों. सरकारच्या आदेशाची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं.

पहिली गोष्ट, गांवच्या हायस्कुलाच्या शाळा व्यवस्थापनाशीं बोलून आठवी ते दहावीस आठवड्यांतील एक दिवस किंवा दोन अर्धे दिवस हुन्नराच्या कामास राखून घ्यावे. बोर्डाच्या मान्य विषयांत बसणारा अभ्यासक्रम निवडावा, म्हणजे गुणपत्रिकेंत त्याची नोंद होईल व बापहि विचारील कीं, यांत किती पडले.

दुसरी गोष्ट, शिकविण्यास तालुक्यांतील उत्तम कारागीर बोलवावा : मोटार गुंडाळणारा, वेल्डर, गवंडी, ठिबक बसविणारा. त्याच्यापाशीं बी.एड्. ची पदवी नसेल. पण ज्याच्या हातून हजार मोटारी गेल्या तो त्या विषयाचा आचार्यच होय. मुलांनीं व शिक्षकांनीं त्यास 'गुरुजी' म्हणावें, आणि त्याचें मानधन संघानें व ग्रामपंचायतीनें मिळून द्यावें. तीन-चार गांवांच्या शाळांनीं मिळून एक कार्यशाळा चालविली तर खर्च झेपण्यासारखा होतो.

तिसरी गोष्ट, शाळेस खरें काम द्यावें. आपल्या घरीं अडगळींत पडलेल्या जळक्या मोटारी, गळके फवारणी पंप, वांकलेले पाइप, जुने स्टार्टर यांचा ढीग प्रत्येकापाशीं आहे. ते भंगारवाल्यास किलोवर देण्याऐवजीं शाळेस द्यावे. मुलांनीं ते उघडावे, पाहावे, जोडावे. उन्हाळ्यांत पंप बंद असतात तेव्हां मुलांनीं गुरुजींसह शिवारांत फिरून प्रत्येक स्टार्टरचा रिले पाटीशीं ताडून पाहावा व वहींत लिहावा. एवढ्या एका कामानें गांवच्या किती मोटारी वांचतील याचा विचार करावा.

चौथी गोष्ट, परीक्षा हातकामाची असावी. जोड टिकला कीं नाहीं, मोटार फिरली कीं नाहीं, गोठ्याचा कोपरा काटकोनांत आला कीं नाहीं, हें पाहून गुण द्यावे. वहींतील आकृतीवर गुण दिले कीं पुन्हां कागदाचीं फुलें सुरू होतील.

पांचवी गोष्ट, मुलींस वगळूं नये. गोठा, दूध, फवारणी, भाजीपाल्याची वाळवणी व प्रतवारी हीं कामें आजहि बहुतांशीं घरच्या बायकाच पाहतात. यंत्र बिघडलें म्हणजे मात्र त्यांनीं पुरुषाची वाट पाहत बसावें, यांत कोणाचेंच हित नाहीं.

यांतून निघालेला प्रत्येक मुलगा मिस्त्री होईल असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं शेती करतील, आणि ती आमच्याहून शहाणपणानें करतील. कांहीं आय.टी.आय.ला जातील, पण कोणी 'टाकलें' म्हणून नव्हे, तर स्वतः निवड करून जातील. कांहीं इंजिनिअर होतील, आणि त्या इंजिनिअरांस पाना धरतां येत असेल. ज्यास दीड एकरच वांट्यास आला तो त्या दीड एकराच्या जोडीला दहा गांवांचे पंप सांभाळील, आणि त्यास घर सोडावें लागणार नाहीं. जमिनीची वाटणी तलाठ्याच्या दप्तरांत होते, ती कोणास टाळतां येत नाहीं. हाताच्या हुन्नराची वाटणी होत नाहीं, तो पुऱ्याचा पुरा ज्याचा त्यालाच मिळतो. येत्या जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं आपल्या गांवच्या हायस्कुलाचें दार एकदां ठोठवावें, एवढी विनंति करून हा लेख येथेंच पुरा करितों.